गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (जन्म : २७ जुलै १९३८, शिकागो, मृत्यू : ४ मार्च २००८, लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन) हे अमेरिकन खेळरचनाकार, लेखक व प्रकाशक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासमवेत त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ रचला. टेबलाभोवती बसून, कल्पित पात्रांच्या भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या ज्या खेळांना रोल-प्लेइंग गेम किंवा मराठीत भूमिकाखेळ म्हणता येईल, त्या प्रकारातील हा पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. १९७९ नंतरच्या दशकात अमेरिकेत या खेळाविषयी मोठी सामाजिक धास्ती निर्माण झाली. हा खेळ मुलांचे वास्तवाचे भान हिरावून घेतो, त्यांना आत्महत्येस प्रवृत्त करतो आणि जादूटोणा व सैतानपूजा शिकवितो, असे आरोप पालक, धर्मोपदेशक व दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञ यांनी केले. असा कार्यकारणसंबंध कोणत्याही अभ्यासातून सिद्ध झाला नाही. तरीही गायगॅक्स यांच्या आयुष्याची मधली वर्षे या आरोपांना उत्तरे देण्यात गेली.

बालपण आणि शिक्षण

गायगॅक्स यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेले स्थलांतरित होते. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रामध्ये ते व्हायोलिन वाजवीत असत. पुढे त्यांनी कपड्यांच्या विक्रीचे काम केले. रात्री मुलाला जादूगार, राक्षस आणि मंतरलेल्या तलवारींच्या गोष्टी सांगण्याची त्यांना हौस होती. १९४६ मध्ये शिकागोतील मुलांच्या टोळ्यांमधील मारामारीत लहानगा गॅरी सापडल्यावर कुटुंबाने शहर सोडले आणि ते आईच्या माहेरच्या गावी, विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा येथे राहावयास गेले. हे गाव स्वित्झर्लंडमधील सरोवराचे केवळ नावबंधू आहे. गायगॅक्स यांचे उर्वरित आयुष्य, थोडा काळ वगळता, याच गावाशी बांधलेले राहिले.

पत्ते व बुद्धिबळ यांची गोडी त्यांना शाळेत जाण्याच्या वयातच लागली. वाचन अफाट होते, पण ते अभ्यासाचे नव्हते. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, एडगर राइस बरोज यांच्या अद्भुतकथा आणि स्वस्त कथामासिके यांतच त्यांचा दिवस जाई. १९५६ च्या जानेवारीत वडील वारले आणि गॅरी यांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटले. काही काळ ते मरीन दलात होते, परंतु न्यूमोनियाच्या दुखण्यामुळे तेथून त्यांना परत यावे लागले. १९५८ मध्ये त्यांचा मेरी जो पॉवेल यांच्याशी विवाह झाला. या विवाहापासून त्यांना पाच अपत्ये झाली. लवकरच ते शिकागोतील एका विमा कंपनीत अंडररायटर म्हणून, म्हणजे अर्जदाराची जोखीम पारखून विम्याचा हप्ता ठरविणारे कर्मचारी म्हणून, काम करू लागले. शक्याशक्यतेचे कोष्टक मांडण्याची ही सवय पुढे त्यांच्या खेळांच्या पानोपानी दिसते.

युद्धखेळांचा छंद

त्याच सुमारास ‘गेटिसबर्ग’ हा युद्धखेळ त्यांच्या हाती पडला. अमेरिकेच्या यादवी युद्धातील लढाई पटावर पुन्हा लढण्याचा हा खेळ होता. त्यानंतर युद्धखेळांचे वेड त्यांना जन्मभर पुरले. देशभर विखुरलेले छांदिष्ट एकमेकांना पत्रे लिहीत, चक्रमुद्रित अंक काढीत व नवे नियम सुचवीत. गायगॅक्स या वर्तुळात लवकरच परिचित झाले. १९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हा येथील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन खेळाडूंचे संमेलन भरविले. हेच पुढे ‘जेन कॉन’ या नावाने प्रसिद्ध झाले. १९६९ च्या संमेलनात मिनेसोटाहून आलेल्या डेव्ह आर्नेसन या तरुणाशी त्यांची ओळख झाली.

१९७० मध्ये गायगॅक्स यांची विमा कंपनीतील नोकरी गेली. पदरी मुलेबाळे होती. घराच्या तळघरात बूट दुरुस्त करून ते मिळकतीला हातभार लावीत आणि उरलेला वेळ खेळांच्या लेखनाला देत. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या शेवटी जादूगार, ड्रॅगन व वीर यांच्यासाठीचे पुरवणी नियम जोडलेले होते. ही पुरवणीच पुढील साऱ्या इतिहासाचे बीज ठरली.

डंजन्स अँड ड्रॅगन्स

आर्नेसन यांनी ‘चेनमेल’मधील काही नियम घेऊन ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित प्रदेशात एक वेगळाच खेळ चालविला होता. त्यात प्रत्येक खेळाडू सैन्य न हलविता एकाच पात्राची भूमिका घेई, ते पात्र एका डावातून दुसऱ्या डावात जाई व अनुभवाने वाढत जाई. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हा येथे येऊन तो खेळून दाखविला. गायगॅक्स यांनी त्याच्यातील शक्यता ओळखली, सुमारे ५० पानांचे नियम टंकलिखित केले आणि स्वतःचा ‘ग्रेहॉक’ किल्ला रचून आपल्या मुलांपासूनच त्याची चाचणी सुरू केली. कल्पना कोणाची किती, हा वाद पुढे दोघांत न्यायालयापर्यंत गेला व १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, आर्नेसन यांच्याविना हा खेळ सुचला नसता आणि गायगॅक्स यांच्याविना तो पुस्तकात उतरला नसता.

कोणताही प्रस्थापित प्रकाशक हे विचित्र हस्तलिखित घेण्यास तयार होईना. तेव्हा १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये गायगॅक्स व त्यांचे बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी १,००० डॉलर घालून ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ म्हणजेच टीएसआर ही संस्था स्थापिली. पुढे ब्रायन ब्लूम हे भागीदार भांडवल घेऊन आले. जानेवारी १९७४ मध्ये खेळाच्या पहिल्या १,००० प्रती निघाल्या. तीन पुस्तिका व काही सुटे कागद एका खोक्यात हाताने भरले जात. किंमत १० डॉलर होती. प्रती वर्षभराच्या आत संपल्या. पुढील वर्षाच्या आरंभीच डॉन के यांचे हृदयविकाराने निधन झाले. तेव्हा ते चाळिशीच्याही आत होते.

खेळाचे स्वरूप येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील साऱ्या गैरसमजांचे मूळ त्यातच आहे. चार-सहा खेळाडू टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण ‘डंजन मास्टर’ होतो. मराठी वाचकाने येथे नाटकातील सूत्रधार आठवावा. तो एखाद्या भुयाराचे, जंगलाचे किंवा ओसाड किल्ल्याचे वर्णन करतो आणि आपले पात्र आता काय करते, हे इतर खेळाडू तोंडी सांगतात. दार उघडले की नाही, तलवारीचा वार लागला की नाही, हे फासे ठरवितात. नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशाबरोबर चार, आठ, बारा व वीस बाजूंचे फासेही वापरले जातात. हे बहुपृष्ठक फासे आरंभी शालेय साहित्याच्या सूचिपत्रातून मागविलेले होते. खेळात कोणी कोणाला हरवीत नाही. डाव एका बैठकीत संपत नाही, महिनोन्‌महिने चालतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर नावापुरत्या, आणि सारा खेळ बोलण्यात. दारातून डोकावणाऱ्या आईवडिलांना दिसे ते एवढेच की, मुले दिव्याखाली घोळका करून बसली आहेत, कागदावर काही आकडे मांडीत आहेत आणि कोणाच्या तरी मृत्यूविषयी अत्यंत गंभीरपणे बोलत आहेत.

१९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या विस्तारित आवृत्तीची तीन जाड पुस्तके लिहिली : ‘मॉन्स्टर मॅन्युअल’, ‘प्लेयर्स हँडबुक’ आणि ‘डंजन मास्टर्स गाइड’. यांपैकी पहिले पुस्तक म्हणजे जगभरच्या पुराणांतील व कथांतील भयप्रद प्राण्यांचा कोश आहे. ग्रीक मेड्युसा, अरबी जिन, नाग यांच्या रांगेत आपला ‘राक्षस’ही त्याच नावाने हजर आहे. मात्र गायगॅक्स यांना तो भेटला रामायणात नव्हे, तर एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत. त्यांच्या पुस्तकातील राक्षस वाघाच्या तोंडाचा आहे. त्याच कोशात नरकातील सैतान व दैत्य यांचीही नावानिशी वर्णने आहेत. ती ख्रिस्ती परंपरेतून व अभिजात साहित्यातून घेतलेली आहेत. खेळात ही पात्रे बहुधा शत्रुपक्षाची असतात. त्यांना मारावयाचे असते, पुजावयाचे नसते. परंतु पुस्तक चाळणाऱ्याला चित्र आधी दिसते आणि नियम नंतर. ‘डंजन मास्टर्स गाइड’च्या मुखपृष्ठावरील तांबडा, शिंगे असलेला महाकाय प्राणी अरबी कथांतील इफ्रीत होता, पण पुष्कळांनी त्याला सैतानच मानले.

मंत्रांच्या बाबतीतही तसेच झाले. खेळातील प्रत्येक मंत्राला काही साहित्य लागते, असे नियमांत लिहिले आहे. आगीचा गोळा फेकण्यासाठी वटवाघळाची विष्ठा व गंधक लागते. वीज पाडण्यासाठी केसाळ कातड्याचा तुकडा व काचेची अथवा अंबरची कांडी लागते. हे वाचून काही पालकांना प्रत्यक्ष चेटूकविद्येची कृती सापडल्यासारखे वाटले. वास्तविक हा लेखकाचा विनोद होता. पहिल्या साहित्यात बंदुकीच्या दारूचे घटक डोकावतात आणि दुसरे साहित्य म्हणजे स्थितिक विद्युत् दाखविण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत मांडला जाणारा प्रयोग होय. एकदा म्हटलेला मंत्र जादूगाराच्या स्मरणातून पुसला जातो, हा नियमही कोणत्या जुन्या पोथीतून आलेला नसून जॅक व्हान्स यांच्या कथांतून घेतलेला आहे. आपण कोणकोणत्या लेखकांचे ऋणी आहोत, याची यादी गायगॅक्स यांनी १९७९ च्या पुस्तकाच्या परिशिष्टात स्वतःच छापली. टीकाकारांपैकी फार थोड्यांनी ती पाहिली असावी.

१९७९ ची घटना

१५ ऑगस्ट १९७९ रोजी मिशिगन स्टेट विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. तो असामान्य बुद्धीचा असल्याने वयाच्या मानाने फार लवकर विद्यापीठात दाखल झाला होता. आईवडिलांनी टेक्सासमधील खासगी गुप्तहेर विल्यम डिअर यांना शोधासाठी नेमले. विद्यार्थी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, असे कळल्यावर डिअर यांनी एक तर्क मांडला. विद्यापीठाच्या इमारतींना वाफ पुरविणाऱ्या नळांची भुयारे जमिनीखालून गेलेली आहेत; तेथे हा खेळ प्रत्यक्षात उतरविताना मुलगा हरवला असावा. वर्तमानपत्रांनी हा तर्क उचलून धरला आणि काही दिवसांतच तो तर्क न राहता बातमी झाला. ज्या देशात बहुसंख्यांनी या खेळाचे नावही ऐकले नव्हते, तेथे त्याची पहिली ओळख झाली ती एका बेपत्ता मुलाच्या छायाचित्राखाली.

सप्टेंबरमध्ये तो विद्यार्थी लुइझियाना राज्यात जिवंत सापडला. त्याच्या नाहीसे होण्याशी खेळाचा संबंध नव्हता. तो एकाकी होता, अभ्यासातील अपेक्षांच्या ओझ्याखाली खचला होता, व्यसनाच्या वाटेला गेला होता आणि जीव देण्याच्या विचाराने घराबाहेर पडला होता. डिअर यांनी मुलाला दिलेल्या शब्दाखातर ही हकीकत त्या वेळी जाहीर केली नाही. ती त्यांच्या १९८४ मधील ‘द डंजन मास्टर’ या पुस्तकात प्रथम विस्ताराने आली. तोपर्यंत पाच वर्षे लोटली होती आणि त्या विद्यार्थ्याने १९८० च्या ऑगस्टमध्ये आत्महत्या केली होती. भुयाराची कथा लोकांच्या ध्यानात राहिली. एका खचलेल्या मुलाकडे वेळीच कोणाचे लक्ष कसे गेले नाही, ही खरी कथा मात्र त्या गदारोळात कोणी ऐकलीच नाही.

दरम्यान या प्रकरणाच्या वृत्तांवरून रोना जाफी यांनी ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी लिहिली (१९८१). तिच्यातील नायक खेळता खेळता स्वतःला आपले पात्रच समजू लागतो. १९८२ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणीपट निघाला. त्यात तरुण टॉम हँक्स यांनी मुख्य भूमिका केली. खेळाडू भूमिकेतून बाहेर येऊ शकत नाही, ही समजूत जनमानसात रुजविण्यात या पटाचा वाटा मोठा आहे.

टीएसआरला या प्रसिद्धीने तोटा झाला नाही, उलट विक्री वेगाने वाढली. या गोष्टीची नोंद घेतल्याशिवाय गायगॅक्स यांचे चरित्र एकांगी होईल. ज्या बातम्यांना ते अन्यायकारक म्हणत, त्यांनीच त्यांच्या खेळाला विद्यापीठांतून शाळकरी मुलांपर्यंत पोहोचविले. आणि खेळणारे जितके लहान, तितकी पालकांची काळजी मोठी, असेही झाले. १९८० मध्ये युटा राज्यातील हीबर सिटी येथील शाळेत हुशार विद्यार्थ्यांसाठी चालविलेला या खेळाचा उपक्रम पालकांच्या धार्मिक आक्षेपांमुळे बंद करावा लागला.

पॅट्रिशिया पुलिंग आणि ‘बॅड’

१९८२ च्या जूनमध्ये व्हर्जिनिया राज्यातील पॅट्रिशिया पुलिंग यांच्या शाळकरी मुलाने आत्महत्या केली. तो शाळेत हा खेळ खेळत असे. खेळाच्या वेळी आपल्या मुलाला शाप देण्यात आला व त्यामुळे त्याने जीव दिला, अशी या मातेची श्रद्धा झाली. तिने शाळेच्या मुख्याध्यापकांविरुद्ध व पुढे टीएसआरविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. दोन्ही दावे टिकले नाहीत. १९८३ मध्ये तिने एक संघटना स्थापन केली. डंजन्स अँड ड्रॅगन्सविषयी चिंतित असणाऱ्यांची संघटना, असा तिच्या नावाचा आशय होता आणि इंग्रजी आद्याक्षरांतून ‘बॅड’, म्हणजे वाईट, हा शब्द तयार होई. पुलिंग यांनी पत्रके छापली, पोलिसांपुढे व्याख्याने दिली, गुन्ह्यांच्या खटल्यांत जाणकार म्हणून साक्षी दिल्या. टेलिव्हिजनवरील हिंसाचाराविरुद्ध काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ थॉमस रॅडेकी यांनी त्यांना साथ दिली. आत्महत्या व खून यांच्या प्रकरणांची एक यादी तयार करण्यात आली आणि ती वर्षागणिक वाढत गेली.

पुत्रशोकात होरपळलेल्या आईला उत्तर देणे कोणालाही सोपे नव्हते. गायगॅक्स यांनाही ते कधी नीटसे साधले नाही. त्यांचा स्वभाव तापट व शब्द तिखट होते. युक्तिवाद बरोबर असूनही श्रोत्याला तो उद्धट वाटावा, असे त्यांच्या बाबतीत अनेकदा घडले. पुलिंग यांच्या यादीतील दोष मात्र गणिताचा होता. लक्षावधी तरुण एखादा खेळ खेळत असतील, तर त्यांच्यातही काही जण दुर्दैवाने आत्महत्या करणार, कारण त्या वयोगटात आत्महत्या घडतच असतात. खेळणाऱ्यांत हे प्रमाण न खेळणाऱ्यांपेक्षा अधिक आहे काय, हा खरा प्रश्न होता आणि यादी त्याला स्पर्शच करीत नव्हती. रिचमंड परिसरातील आठ टक्के लोक सैतानपूजक आहेत, असेही पुलिंग यांनी एका पत्रकाराला सांगितले होते. हा आकडा कसा काढला, असे विचारता, चार टक्के प्रौढ आणि चार टक्के किशोरवयीन यांची बेरीज केली, असा खुलासा मिळाला. शेकडेवारीची अशी बेरीज करू नये, हे प्राथमिक शाळेत शिकविले जाते. लेखक व खेळरचनाकार मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये लिहिलेल्या ‘द पुलिंग रिपोर्ट’मध्ये या व अशा अनेक विधानांची छाननी केली. त्यानंतर पुलिंग यांच्या मोहिमेचा जोर ओसरला. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे सारे एकाकी घडत नव्हते. १९८० मध्ये निघालेल्या ‘मिशेल रिमेंबर्स’ या पुस्तकापासून अमेरिकेत गुप्त सैतानपूजक टोळ्यांच्या कथांचे पेव फुटले होते. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर १९८३ मध्ये सुरू झालेले आरोपांचे सत्र १९९० पर्यंत चालले आणि एकही दोषसिद्धी न होता संपले. रॉक संगीताच्या तबकड्या उलट्या वाजवून त्यांत सैतानाचा आवाज शोधला जात होता. याच लाटेत जॅक चिक यांची ‘डार्क डंजन्स’ ही तळहाताएवढी सचित्र पुस्तिका १९८४ मध्ये निघाली. तिच्यात खेळातील आपले पात्र मेले म्हणून एक मुलगी आत्महत्या करते आणि दुसरीला खऱ्या चेटकिणींच्या मंडळात घेतले जाते. अनेक पालकांचे या खेळाविषयीचे सारे ज्ञान या पुस्तिकेपुरतेच होते. विशेष म्हणजे ज्यांच्यावर सैतानाचा प्रचारक असल्याचा आरोप होई, ते गायगॅक्स स्वतःला ख्रिस्ती मानीत. तरुणपणी ते व त्यांच्या पत्नी यहोवाचे साक्षीदार या कर्मठ पंथात काही काळ होते.

दूरचित्रवाणीवरील सामना

१९८५ च्या सप्टेंबरमध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘६० मिनिट्स’ या अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमात एड ब्रॅडली यांनी या वादावर एक भाग सादर केला. त्यात पुलिंग व रॅडेकी यांची बाजू मांडली गेली आणि गायगॅक्स यांनाही विचारणा झाली. हा केवळ खेळ आहे आणि मृत्यूंशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे बळीचा बकरा शोधणे आहे, अशी त्यांची भूमिका होती. परंतु एकीकडे शोकाकुल कुटुंबे व दुसरीकडे या खेळावर श्रीमंत झालेला दाढीवाला गृहस्थ, असे ते चित्र होते. प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जाईल, हे सांगावयास नको. या काळात गायगॅक्स यांना पत्रांतून व दूरध्वनीवरून जिवे मारण्याच्या धमक्या येत. त्यांना अंगरक्षक ठेवावा लागला.

अमेरिकन असोसिएशन ऑफ सुइसाइडॉलॉजी, अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र व कॅनडाचे आरोग्य खाते यांनी हा खेळ आणि आत्महत्या यांत कार्यकारणसंबंध आढळत नसल्याचा निर्वाळा दिला. १९९२ मध्ये एफबीआयचे केनेथ लॅनिंग यांनी संघटित सैतानी गुन्हेगारीच्या दाव्यांना पुरावा नसल्याचे आपल्या अहवालात नोंदविले. हे निष्कर्ष वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर आले. बेपत्ता विद्यार्थ्याची बातमी पहिल्या पानावर आली होती.

टीएसआरमधून बाहेर

गायगॅक्स यांना त्यांच्या कंपनीतून घालविले ते धर्मोपदेशकांनी नव्हे, हिशेबाच्या वह्यांनी. डॉन के यांच्या मृत्यूनंतर भागभांडवलाचा मोठा हिस्सा ब्लूम कुटुंबाकडे गेला होता व गायगॅक्स अल्पमतात होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते हॉलीवुडमध्ये जाऊन राहिले. खेळावर आधारित बालव्यंगपट मालिका १९८३ ते १९८५ या काळात सीबीएसवर चालली. इकडे लेक जिनिव्हा येथे बेसुमार खर्च होत होता. १९८४ मध्ये परतल्यावर कंपनी सुमारे १५ लाख डॉलरच्या कर्जात असल्याचे त्यांना आढळले. त्यांनी केव्हिन ब्लूम यांना पदावरून दूर केले आणि व्यवस्थापनासाठी लोरेन विल्यम्स यांना आणले. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्लूम बंधूंनी आपले भाग विल्यम्स यांनाच विकले आणि गायगॅक्स यांचे नियंत्रण संपले. न्यायालयात त्यांना यश आले नाही. १९८६ च्या अखेरीस ते कंपनीबाहेर पडले.

१९८९ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यातून सैतान व दैत्य हे शब्द गाळण्यात आले व त्यांना ‘बातेझू’, ‘तनारी’ अशी कृत्रिम नावे देण्यात आली. पालकांचा रोष टाळणे हा त्यामागील उघड हेतू होता. गायगॅक्स यांचा या आवृत्तीत हात नव्हता. पुढे २००० च्या आवृत्तीत जुनी नावे परत आली.

उत्तरायुष्य

१९८७ मध्ये गायगॅक्स यांनी गेल कार्पेंटर यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना एक मुलगा झाला. ‘न्यू इन्फिनिटीज’ ही त्यांची नवी कंपनी फार टिकली नाही. १९९२ मध्ये त्यांचा ‘डेंजरस जर्नीज’ हा खेळ निघताच टीएसआरने त्यांच्यावर दावा लावला व अखेरीस तडजोडीत त्या खेळाचे हक्कच विकत घेतले. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतल्यावर हा दुरावा संपला. १९९९ मध्ये ‘लेजेंडरी अ‍ॅडव्हेंचर’ हा त्यांचा शेवटचा मोठा खेळ आला. ‘फ्युचरामा’ या व्यंगपट मालिकेच्या २००० मधील एका भागात त्यांनी स्वतःच्या पात्राला आवाज दिला. तेथे ते हस्तांदोलनापूर्वीही फासे टाकतात.

२००४ च्या वसंतात त्यांना पक्षाघाताचे झटके आले. त्यानंतर पोटातील महारोहिणीला फुगवटा असून त्यावर शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे निदान झाले. तरीही घराच्या ओसरीवर येणाऱ्या कोणाशीही ते तासन्‌तास बोलत बसत. ४ मार्च २००८ रोजी राहत्या घरी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेव्ह आर्नेसन पुढील वर्षी एप्रिलमध्ये वारले.

मृत्यूनंतर

गायगॅक्स यांच्या अंत्यविधीनंतर लेक जिनिव्हा येथे जमलेले चाहते त्या दिवशी उत्स्फूर्तपणे खेळावयास बसले. त्यातून दरवर्षी मार्चच्या सुमारास भरणारे ‘गॅरी कॉन’ हे संमेलन सुरू झाले. २०१६ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचा समावेश न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील राष्ट्रीय खेळणी दालनात, चेंडू व बाहुल्यांच्या पंक्तीत, करण्यात आला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेने हा खेळ नव्या पिढीला माहीत करून दिला. तिच्या २०२२ मधील चौथ्या पर्वात हा खेळ खेळणाऱ्या तरुणावर सैतानपूजेचा आळ घेऊन गाव त्याच्यामागे लागते. भारतातील अनेक तरुणांना १९८० च्या दशकातील या धास्तीचा परिचय प्रथम येथेच झाला असेल.

धास्ती पूर्णपणे मावळली, असे मात्र म्हणता येत नाही. गायगॅक्स यांच्याच विस्कॉन्सिन राज्यातील वॉपन येथील तुरुंगात एका कैद्याने लिहिलेले खेळाचे हस्तलिखित २००४ मध्ये जप्त करण्यात आले व खेळावर बंदी घालण्यात आली. खेळामुळे कैद्यांच्या टोळ्या बनतील, अशी अधिकाऱ्यांची भीती होती. कैद्याने संघीय न्यायालयात दाद मागितली. अशा खेळामुळे कोणत्याही तुरुंगात टोळी निर्माण झाल्याचे एकही उदाहरण अधिकाऱ्यांना दाखविता आले नाही. तरीही त्यांची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही, असा निर्णय देऊन सातव्या क्षेत्राच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये ती बंदी कायम केली.